फ्राका: निशिगंधाचं परफ्यूम, एका फवाऱ्यात पुरणारं

निशिगंधाचं कुठलंही नवं परफ्यूम आलं की जाणकार अजून त्याला ‘फ्राका’च्या शेजारी ठेवून जोखतात. जेर्मेन सेलिए यांनी ते रोबेर पिगे या फ्रेंच फॅशन हाउससाठी १९४८ मध्ये घडवलं. मध्यभागी निशिगंध, जोडीला जाई आणि संत्र्याची फुलं, तळाशी चंदन आणि कस्तुरी. वास लोण्यासारखा दाट, गोड आणि बिनधास्त. हळूच मागे राहणारं हे परफ्यूमच नाही, म्हणूनच ते आम्हाला आवडतं.

ओ द परफ्यूम (शुद्ध अर्कापेक्षा सौम्य प्रकार) घेतलंत तर एक फवारा पुरतो, फार तर दोन. मनगट टाळा. हात सतत चेहऱ्याजवळ जातो आणि वास स्वतःलाच नकोसा होतो. मानेच्या मागे किंवा कपड्याखाली छातीवर मारा, म्हणजे दरवळ अंगाच्या उबेने हळूहळू वर येतो. कोरड्या त्वचेवर वास लवकर उडतो, म्हणून आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं. रेशमावर थेट फवारू नये, डाग पडतात.

निघण्याआधी अर्धा तास लावा. सुरुवातीचा भडका तेवढ्यात ओसरतो आणि लोकांपर्यंत पोचतो तो फुलांचा गाभा. इथेच बहुतेकांची गफलत होते. सततच्या वासाला आपलं नाक थोड्याच वेळात सरावतं, परफ्यूम उडालं असं वाटतं आणि दुसरा फवारा मारला जातो. शेजारच्याला मात्र पहिलाच अजून भरपूर येत असतो. पुन्हा लावण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

प्रसंग निवडताना जागा किती मोठी आणि हवा किती खेळती, हे आधी बघा. संध्याकाळचा मोकळ्यावरचा समारंभ, उंच छताचं सभागृह, नृत्याचा कार्यक्रम: इथे फ्राका खुलतं. ऑफिस, लिफ्ट, विमान, दवाखाना, मुलाखत, नाट्यगृहातली खुर्ची इथे ते नको. तिथे शेजारच्याला उठून जाता येत नाही आणि काहींना उग्र वासाने डोकं दुखतं, दम लागतो. जेवणाच्या टेबलावरही नको, पदार्थाची चव निम्मी वासावर असते. भर उन्हात अत्तरद्रव्यं झपाट्याने उडतात, त्यामुळे दुपारी हेच परफ्यूम अंगावर येतं. गारव्यात तोच दाटपणा सुखावतो.

ज्यांना ताजा, हिरवट, नुकत्याच खुडलेल्या देठाचा वास हवा, त्यांनी दुसरं काही शोधावं. फ्राका सजूनधजून आलेलं आहे. विकत घेण्याआधी दुकानात वास घ्यायला देतात त्या कागदी पट्टीवर भरवसा ठेवू नका. त्वचेवर लावून चार-पाच तास थांबा, कारण तळाचा चंदनी थर तेव्हाच कळतो.

जास्त झालंच तर नुसतं पाणी फारसं उपयोगी नाही, वासाचे बरेच घटक पाण्यात विरघळत नाहीत. कापसावर थोडं खाद्यतेल घेऊन ती जागा पुसा, मग साबणाने धुवा.