देशो कागद : कसर लागत नाही, पण शाई फुटते

थिंफूमध्ये खरेदीला बाहेर पडलेल्यांनी जुंगशी कारखान्यासाठी तासभर राखून ठेवावा. 1990 मध्ये सुरू झालेल्या या छोट्या कारखान्यात भूतानचा हातकागद, म्हणजे देशो, डोळ्यांसमोर तयार होताना दिसतो आणि तिथेच विकतही मिळतो.

कागद होतो डाफ्नी नावाच्या झुडपाच्या आतल्या सालीचा. झुडूप मुळासकट उपटत नाहीत; वरून छाटलं की खालून पुन्हा फुटतं. साल भिजवायची, शिजवायची आणि मग हातांनी निवडायची. तांदूळ निवडावा तसंच हे काम. तावावर काळे ठिपके दाट दिसले तर निवडणीत घाई झाली असं समजावं. पुढे लगदा पाण्यात पातळ करून बांबूच्या चटईवर उचलतात, तावांची थप्पी दाबून पाणी काढतात आणि एकेक ताव गरम पत्र्यावर ब्रशने चिकटवून वाळवतात. पत्र्याकडची बाजू गुळगुळीत होते, ब्रशाकडची खरखरीत. लिहायला गुळगुळीत बाजूच घ्या.

ताव उजेडात धरून बघा. बारीक समांतर रेघा दिसल्या तर तो त्सारशो, बांबूच्या चटईवरचा. रेघा नसतील तर रेशो, कापडी चौकटीवरचा. रेशो चौकटीवरच उन्हात वाळतो. जितक्या चौकटी तितकेच ताव, त्यामुळे काम संथ.

लांब धाग्यांमुळे हा कागद सहजासहजी फाटत नाही. डाफ्नीची साल मुळात विषारी, म्हणून कसरही लागत नाही. पोथ्यांसाठी हा कागद वापरत आले ते उगाच नव्हे. बुरशी मात्र लागू शकते. कोकणातल्या पावसाळ्यात तो उघडा ठेवू नये.

खरी अडचण लिहिताना येते. कागदाला खळ, म्हणजे शाई पसरू न देणारा चिकट लेप, नसेल तर फाउंटन पेनची शाई धाग्याधाग्यांतून फुटते. बॉलपेन आणि पेन्सिल चालतात. जलरंगासाठी खळ द्यायची तर लिटरभर कोमट पाण्यात 15 ग्रॅम जिलेटिन विरघळवून त्यात 5 ग्रॅम तुरटी घाला, रुंद ब्रशने एकदाच हात फिरवा आणि ताव दोरीवर वाळत टाका. तुरटी वाढवू नका, आम्लामुळे कागद लवकर पिवळा पडतो. पातळ ताव प्रिंटरमध्ये घालण्याचा मोह टाळा, रोलरमध्ये हमखास अडकतो.

कापायला कात्री नको. ओल्या ब्रशने रेघ ओढा, मिनिटभर थांबा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढा; कडेला धाग्यांची सुंदर झालर राहते. आणताना घडी घालू नका, मोडलेली रेघ जात नाही. पुठ्ठ्याची नळी भारतातूनच सोबत न्या.