बोट म्हातारी, मग पोट एवढं गोरं कसं?

मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही दोघांनी ३१,५०० पौंड मोजून एक जुनी शिडाची बोट घेतली. १९८८ ची बांधणी, ३६ फूट लांब, फायबरग्लासची. भाड्याचं घर सोडून बोटीवरच राहायचं आणि दोन वर्षांनी तिच्यातूनच अटलांटिक ओलांडायचा, असा बेत होता. त्या बोटीवर आजवर आम्ही एक रात्रही झोपलेलो नाही. साउदॅम्प्टनजवळच्या एका यार्डात ती टेकूंवर उभी आहे, कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंख, सोडवून बाजूला ठेवली आहे आणि यार्डाचं भाडं दर महिन्याला चालू आहे.

इथे सेलिंग शिकणारी पाच-सहा मराठी कुटुंबं माझ्याच ओळखीत आहेत. त्यांतल्या दोघांनी गेल्या महिन्यात फोन केला, "आम्हीपण बोट बघतोय, काय काय बघायचं असतं?" फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून लिहायला बसले. दावा चालू आहे, त्यामुळे विकणाऱ्याचं नाव, मरीना, बोट कुठल्या कंपनीची, यातलं काही लिहिता येणार नाही. त्याची गरजही नाही. जे झालं ते कुठल्याही बोटीच्या बाबतीत होऊ शकतं.

माझे बाबा भाऊचा धक्का ते रेवस लाँचवर तांडेल होते. दिलीप दोंदे २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, तेव्हा बाबांनी त्यांचा पेपरातला फोटो कापून देवघराशेजारी चिकटवला होता. तो फोटो बघतच मी इंग्लंडला आले. इथे साउदॅम्प्टनजवळच्या सॉलेंट सामुद्रधुनीत डे स्किपरचा, म्हणजे शिडाची बोट स्वतः चालवायला शिकवणारा, कोर्स केला. नवरा नागपूरचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विशीत, पण माझ्याआधी तोच पास झाला.

राहण्याजोगी आणि खोल समुद्रात नेण्याजोगी बोट शोधणं म्हणजे साधी वीकेंडची बोट शोधणं नव्हे. वजनदार हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, हवा, लाटेत पायाखालून न निसटणारा. किमान तीनशे लिटर पाण्याची टाकी, चालत्या बोटीत धरून उभं राहता येईल असा स्वयंपाकाचा कोपरा, थंडीसाठी डिझेल हीटर, ओले कपडे टांगायला जागा. हे सगळं असलेल्या नव्या बोटीची किंमत आमच्यासारख्या नोकरदारांनी वाचूही नये. म्हणून तीस-पस्तीस वर्षांच्या बोटी. त्या काळात हल जाड घालायचे, चांगली निगा राखली तर त्या अजूनही जग फिरतात. आमची निवड चुकली असं मला आजही वाटत नाही. आम्ही फसलो ते माणसाबाबत आणि कागदाबाबत.

विकणारा माणूस साठीचा, मऊ बोलणारा. बोट पाण्याबाहेर उभी होती, खालून नवंकोरं निळं अँटीफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग, मारलेलं. त्याने आत नेऊन चहा दिला आणि आम्ही विचारण्याआधीच दोष सांगायला सुरुवात केली. हीटर बंद आहे. पुढच्या शिडाची शिवण उसवली आहे. डाव्या बाजूच्या एका खिडकीतून पावसाचं पाणी येतं, हे बघा. डोलकाठीच्या तारा बारा वर्षांच्या आहेत, दोनेक वर्षांत बदलाव्या लागतील. प्रत्येक गोष्ट खरी होती. नवऱ्याने ती वहीत लिहून घेतली आणि परत येताना गाडीत आम्ही एकमेकांना म्हणालो, किती सरळ माणूस आहे.

सगळ्यात जास्त लक्षात ठेवावी अशी गोष्ट माझ्या मते हीच. त्याने चार लहान दोष स्वतःहून हातावर ठेवले, त्यामुळे पाचवा शोधायचं आम्हाला सुचलं नाही. खोटं बोलणाऱ्याला ओळखायची आपल्याला सवय असते. पण खरं बोलत बोलत एकच गोष्ट गाळणारा माणूस ओळखता येत नाही.

मग त्याने सर्व्हेचा, म्हणजे बोटीच्या तांत्रिक तपासणीचा, अहवाल दिला. चारच महिन्यांपूर्वीचा, एका पात्र सर्व्हेअरचा, फोटोंसकट. "आधी एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं करून घेतला. त्याच्या कर्जाचं जमलं नाही म्हणून व्यवहार राहिला. तुम्ही कशाला पुन्हा हजार पौंड घालवता?" शनिवारी एक डच जोडपं बघायला येणार आहे, पण बोट तुमच्यासारख्या प्रेमानं राहणाऱ्या माणसांना मिळावी असं वाटतं, हेही तेव्हाच. आमच्या घराची नोटीस दिलेली होती. दोन महिन्यांत बाहेर पडायचं होतं. आम्ही अहवाल वाचला, त्यात त्याने सांगितलेले सगळे दोष होते, आणि आम्ही हो म्हटलं.

व्यवहार ब्रोकरशिवाय, थेट. ब्रोकर असता तर साधारण दहा टक्के इसारा घेऊन, तो वेगळ्या खात्यात ठेवून, ‘सर्व्हे समाधानकारक निघाला तर’ असा करार होतो. आमच्या कागदावर एका ओळीत लिहिलं होतं, बोट आहे त्या स्थितीत विकली. आम्ही सही केली आणि दोन हप्त्यांत पैसे पाठवले.

त्याच रविवारी संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर बोट दाखवली. मी सागवानी कपाटं दाखवत होते, नकाशाचं टेबल, गॅसची शेगडी. बाबांना त्यात रस नव्हता.

"फळी उचल. खालची."

मी केबिनच्या जमिनीची फळी उचलून फोन आत धरला. बिल्ज, म्हणजे बोटीचा अगदी तळ, जिथे कीलचे बोल्ट वर आलेले दिसतात. सगळं पांढरंशुभ्र होतं. बोल्टांच्या नटांवरूनसुद्धा रंग ओघळून सुकला होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अगं, बोट म्हातारी, मग पोट एवढं गोरं कसं?"

"साफ केलं असेल बाबा, विकायचं म्हणून."

"भिंतीला ओल आली की आपण चुना मारतो ना बाळा. लाँचीच्या पठाणाला कोणी उगाच रंग लावत नाही. कुठं आपटलीय का बघ."

कीलला आमच्याकडे पठाण म्हणतात. तो शब्द मी वीस वर्षांनी ऐकला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रकरण उघड झालं ते विम्यामुळे. एवढ्या जुन्या बोटीला विमा कंपनी पाण्याबाहेर केलेला ताजा सर्व्हे मागते. आम्ही तोच अहवाल पाठवला. तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा ईमेल आला, अगदी साधा: परिच्छेद ६.३ नंतर थेट ६.९ येतो, मधले परिच्छेद पाठवाल का?

मी अहवाल तीनदा वाचला होता. नवऱ्याने दोनदा. आकडे आमच्या डोळ्यांसमोर होते. पानांच्या तळाशी जिथे पृष्ठक्रमांक असतात, तिथे पट्टी मारल्यासारखी कोरी जागा होती, तीही आम्हाला दिसली नाही.

सर्व्हेअरला फोन केला. अहवाल ज्याने पैसे देऊन करून घेतला त्याच्या परवानगीशिवाय देता येत नाही, असं तो म्हणाला, पण त्याने त्या आधीच्या गिऱ्हाइकाला विचारलं. त्या भल्या गृहस्थाने मूळ प्रत स्वतःच पाठवली. आमच्याकडे २७ पानं होती, मूळ अहवाल ३३ पानांचा निघाला. गाळलेल्या भागात लिहिलं होतं: कीलच्या पुढच्या कडेला खडकावर जोरात आपटल्याची खूण, वर लांबी (पुट्टी) भरलेली. कीलच्या मागच्या टोकाशी हलला आतून तडे. तळाची आतली चौकट दोन ठिकाणी हलपासून सुटलेली. कील उतरवून तपासणी व दुरुस्ती होईपर्यंत बोट वापरू नये. त्या गिऱ्हाइकाच्या कर्जाचं काही झालंच नव्हतं. तो हे वाचून मागे फिरला होता.

हे किती गंभीर आहे ते नीट सांगायला हवं. अशा बोटींची कील म्हणजे खाली बोल्टांनी लटकवलेलं दोन-अडीच टनांचं लोखंड किंवा शिसं. तिच्या वजनावरच बोट सरळ राहते. बोट वेगात असताना कीलचं खालचं टोक खडकाला लागलं, की ती तरफेसारखी फिरते. पुढचे बोल्ट खाली ओढले जातात आणि मागचं टोक वर हलमध्ये घुसतं. बाहेर फक्त एक ओरखडा दिसतो, मोडतं ते आतलं. २०१४ च्या मे महिन्यात ‘चीकी रफिकी’ नावाची चाळीस फुटी बोट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनकडे परतताना भर अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली. चारही खलाशी गेले. आधी ती तळाला लागली होती, त्यातून आणि नंतरच्या दुरुस्त्यांतून कीलच्या जागची बांधणी कमकुवत झाली असावी, अशी शक्यता सरकारी तपास अहवालात नोंदवली आहे. आम्ही त्याच समुद्रात जाणार होतो. त्या माणसाला ते माहीत होतं. चहा पिताना आम्हीच त्याला नकाशावर वाट दाखवली होती.

पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

बाकीचं मग एकेक करत बाहेर आलं. बोट ज्या यार्डात होती त्यांचे २,३०० पौंड थकलेले होते. ते चुकते केल्याशिवाय बोट हलवू देणार नाही म्हणाले, आणि तसा त्यांना हक्क असतो. धनी बदलला म्हणून देणं मिटत नाही. मालकीचा पुरावा म्हणून त्याने दिलेलं छोट्या बोटींच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, म्हणजे इथल्या नोंदणीतला तिसरा भाग, हा मालकीचा पुरावाच नव्हे. तो फक्त बोट ब्रिटिश झेंड्याची आहे एवढं सांगतो. त्यात कर्जाचा बोजा नोंदवता येत नाही. पहिल्या भागात नोंदलेली बोट असेल तर तिचा उतारा मागवता येतो, मालक कोण आणि तारण आहे का ते दिसतं, आपल्या सातबारासारखं. नसेल, तर बांधणीपासूनची विक्रीपत्रांची साखळी मागायची. आमच्या बोटीवर कर्ज निघालं नाही, पण ते आम्ही पैसे दिल्यानंतर तपासलं.

आणि राहण्याची जागा. "मरीनातली जागा बोटीबरोबरच येते, तिथे राहिलात तरी चालतं," असं तो म्हणाला होता. जागेचा करार माणसाशी असतो, बोटीशी नाही. कायमचं राहायला त्या मरीनाच्या नियमात मनाईच होती. तिथल्या ऑफिसात एक फोन केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. आम्ही सध्या एका मैत्रिणीच्या वरच्या खोलीत राहतो.

त्याला विचारलं तेव्हा आवाज तितकाच मऊ होता. "खाजगी व्यवहार आहे. तुम्हाला सर्व्हे करायची पूर्ण संधी होती." वकिलांनी सांगितलेलं असं: खाजगी विक्रीत दुकानातल्या मालासारखं ग्राहक संरक्षण मिळत नाही, पाहून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. दुसऱ्याने करून घेतलेल्या अहवालावर विसंबलं, तर सर्व्हेअरलाही साधारणपणे आपण जबाबदार धरू शकत नाही, कारण आपण त्याचे गिऱ्हाईक नसतो. पण खोटी माहिती देऊन करार करवून घेणं वेगळं, आणि पानं गाळलेला अहवाल हा त्याचा लेखी पुरावा आहे. नोटीस गेल्यावर त्याने ६,००० पौंड देऊ केले, कुठे बोलायचं नाही या अटीवर. कील उतरवून चौकट नव्याने बसवण्याचा अंदाज १७,००० पौंडांचा आहे. आम्ही नाही म्हटलं.

आता ज्यांनी फोन केला होता त्यांच्यासाठी. सर्व्हेअर तुम्ही निवडा, तुम्ही पैसे द्या, आणि तो प्लास्टिकच्या हातोडीने कीलभोवती ठोकत असेल तेव्हा शेजारी उभे राहा. जिथे चौकट सुटलेली असते तिथला आवाज बद्द येतो, पिकलेल्या फणसासारखा. एकदा ऐकला की विसरत नाही. मला तो नंतर ऐकायला मिळाला. जुना अहवाल कोणी दिलाच, तर त्यावरच्या सर्व्हेअरच्या नंबरवर फोन करून किती पानं होती एवढंच विचारा. तेवढं सांगायला कुणाची हरकत नसावी. आणि बिल्जला ताजा रंग दिसला, तर तो खरवडू द्या म्हणा. नाही म्हणाला तर उठा.

परवा नवऱ्याला एक जाहिरात दिसली. तोच माणूस, फोन नंबर तोच, बोट दुसरी, ३८ फुटी, ‘कुटुंबासह राहण्यास उत्तम’. बाहेरचे नऊ फोटो, आतले सहा. सहावा बिल्जचा आहे, पांढराशुभ्र. तुमच्यापैकी कोणी दक्षिण किनाऱ्यावर या मापाची बोट बघायला निघालं असेल, तर आधी मला फोन करा. मूळ अहवाल आणि गाळलेला अहवाल, दोन्ही प्रती मी दाखवेन.