कागद की अंगण, दाणे की दूध-पोळी: नव्या पिल्लासाठी काय निवडाल?

कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू आणायचं ठरलं की इंदूरच्या मराठी घरांत दोन वाद हमखास होतात. शी-शू कुठे करायला शिकवायची हा एक, आणि खायला काय घालायचं हा दुसरा. पहिल्यावर मुलं बोलतात, दुसऱ्यावर आजी. वाद दोन असले तरी घड्याळ एकच आहे. पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात आणि पाच मिनिटं ते अर्ध्या तासात पिल्लू जमीन हुंगत गोल फिरू लागतं. जेवणाच्या वेळा पक्क्या नसतील तर पद्धत कुठलीही निवडा, हातातलं फडकं सुटणार नाही.

आधी जागा

सुदामा नगर, लोकमान्य नगरच्या बाजूला स्वतःचं अंगण असलेली घरं अजून आहेत. तुमचं घर तसं असेल तर पहिल्या दिवसापासून थेट अंगण, दुसरा विचारही करू नका. झोपून उठलं, खाऊन झालं, खेळून थांबलं की उचलायचं आणि रोज त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवायचं. उचलूनच न्या; चालवत नेलं तर उंबऱ्यावरच कार्यभाग उरकतो. शू झाली की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत शाबासकी आणि खाऊचा एक कण. घरात परत येऊन बिस्किट दिलंत तर ते घरात आल्याचं बक्षीस ठरतं. या पद्धतीत पिल्लू एकदाच शिकतं, शिकलेलं पुसावं लागत नाही. त्रास आहे तो माणसांना. पिल्लू किती तास धरू शकेल याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे महिने अधिक एक. दोन महिन्यांचं असेल तर जास्तीत जास्त तीन तास, आणि खेळत असेल तर त्याहून बरेच कमी. म्हणजे दिवसा कुणीतरी घरी हवं, आणि रात्री एकदा तरी उठणारं हवं.

विजय नगर किंवा निपानियाकडे पाचव्या मजल्यावर राहत असाल तर गणित बदलतं. लिफ्ट वर येईपर्यंत पिल्लू थांबत नाही हे झालंच, पण मोठी अडचण खाली आहे. लशीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा 16 आठवड्यांच्या सुमारास. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोपर्यंत पार्वोची, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या संसर्गाची धास्ती असते. तो विषाणू मातीत महिनोन् महिने, अनुकूल जागी वर्षभरही टिकतो, आणि कॉलनीतल्या मोकाट कुत्र्यांची जागा नेमकी बागेचा कोपराच असते. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर अव्वल आहे, त्याचा अभिमान मलाही आहे, पण झाडलेला रस्ता म्हणजे निर्जंतुक रस्ता नव्हे.

म्हणून फ्लॅटवाल्यांनी सुरुवात बाल्कनीत करावी. तिथे पर्याय तीन. वर्तमानपत्र फुकटात पडतं, पण पिल्लू कागदावर शू करायला शिकतं म्हणजे कुठल्याही कागदावर शिकतं. सकाळी दाराखालून आलेला पेपर त्यातून सुटत नाही. विकतचे पॅड जास्त शोषतात, वास कमी येतो, मात्र मऊ कापडाची सवय लागली की पायपुसणं आणि गोधडी धोक्यात. शिवाय ते डायपरच्या जातीचे, कचरागाडीच्या ओल्या-सुक्या खणांत चालत नाहीत, सॅनिटरी कचऱ्यातच द्यावे लागतात. मला तिसरा पर्याय पटतो: पसरट प्लास्टिकचा ट्रे आणि त्यात नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा. गवत पंधरवड्यात पिवळं पडतं, बदलावं लागतं, पावसाळ्यात चिखल होतो. हे सगळं मान्य. पण पायाखाली गवत ओळखीचं झालेलं पिल्लू चार महिन्यांनी बागेत गेल्यावर बावचळत नाही. कागदावर वाढलेलं पिल्लू तासभर फिरून येतं आणि घरात शिरताच कागद शोधतं. कागदच घ्यायचा असेल तर तो दर दोन-तीन दिवसांनी हातभर दाराकडे सरकवत न्या आणि बाहेर जायचं वय झालं की ओला तुकडा सोबत घ्या.

बाल्कनीत शिकवायचं म्हणजे घरात कोंडायचं असा अर्थ काढू नका. तीन ते चौदा आठवडे हे जग ओळखण्याचं वय. कडेवर घेऊन खाली जा. स्कूटर, शाळेची पोरं, कचरागाडीचं गाणं सगळं ऐकू दे, फक्त जमिनीवर ठेवू नका.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात. उभं राहून वळता येईल एवढाच असेल तर रात्रीसाठी उत्तम, कारण झोपायच्या जागी पिल्लू सहसा घाण करत नाही. ऑफिसला जाताना आठ तास कोंडायला तो नाही.

आणि घाण झालीच तर नाक त्यात घासू नका. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं. पुढची सोफ्यामागे सापडते. काळं फिनाइलही टाळा, पंजे चाटताना ते पोटात जातं. आधी टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने पुसा आणि मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा. वास उरला की जागा ठरली.

मग ताट

वेळा आधी ठरवा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. वाटी पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, उरलं तर उचलायची. दिवसभर भरलेली वाटी सोयीची खरी, पण मग शीची वेळ कुणालाच सांगता येत नाही. शेवटचं जेवण रात्री आठच्या आत. पाणी मात्र मे महिन्यात उचलू नका. पारा चाळिशीपार असताना रात्रीची एक शू परवडली.

आता दाणे, म्हणजे पाकिटातलं विकतचं कोरडं खाणं, की घरचं. आजीची दूध-पोळी मायेची असते, पण बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, शी पातळ होते आणि शिकवलेलं सगळं वाहून जातं. दुसरं असं की एएएफसीओ या अमेरिकी संस्थेच्या निकषानुसार वाढत्या पिल्लाच्या आहारात, पाणी वगळून, किमान 22.5 टक्के प्रथिनं लागतात. गव्हाच्या पिठात ती 11-12 टक्क्यांच्या आसपास. पोट भरतं, हाडं मागे राहतात. नुसतं चिकन-भात घातलं तरी प्रश्न सुटत नाही: मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. म्हणून घरचं खाणं द्यायचं तर चिकन किंवा अंडी, भात, दुधी-भोपळा आणि डॉक्टरांनी मोजून दिलेलं कॅल्शियम, असं रोज न कंटाळता करणारं माणूस हवं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डच्या बाबतीत तर अंदाजाने कॅल्शियमचं सिरप घालणं उलटं महागात पडतं, कारण या वयात जास्तीचं कॅल्शियम शरीर नीट रोखू शकत नाही आणि हाडं वाकडी वाढतात. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हाताशी आहे, शंका असेल तर तिथे विचारा.

पिल्लांसाठीचे दाणे, म्हणजे पाकिटावर 'पपी' लिहिलेले, या सगळ्या हिशेबातून सोडवतात. कोमट पाण्यात भिजवून द्या, शी घट्ट आणि ठरलेल्या वेळी होते. दोघंही नोकरीवर असाल तर मी दाणेच सुचवीन. सासूबाई घरी आहेत, हौस आहे, अंडी-चिकन चालतं, तर घरचं. शुद्ध शाकाहारी घरात पुन्हा दाणेच बरे. दही-भात, पनीर अधूनमधून वरून. रोज बदल मात्र नको. खाणं बदलायचंच तर आठवडाभरात, चतकोर-चतकोर वाढवत. पॉमेरेनियनसारख्या इवल्या पिल्लाचं एकही जेवण चुकवू नका, साखर उतरून ते लटपटायला लागतं.

ताटाबाहेरचं एक सांगायलाच हवं, कारण आपण इंदूरकर. पोह्यातला कांदा, लसूण शेव, शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट यातलं काहीही नको. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, बेदाण्यांनी मूत्रपिंड बंद पडू शकतं. रविवारच्या नाश्त्याला टेबलाखाली बसलेल्या पिल्लाकडे पाहुण्यांचं लक्ष जातंच, त्यांना आधीच सांगून ठेवा.

दोन-तीन आठवडे नीट चाललेलं पिल्लू अचानक घरभर थेंब-थेंब शू करायला लागलं, तर पद्धत बदलण्याआधी लघवी तपासून घ्या. बरेचदा ते जंतुसंसर्गाचं लक्षण असतं. शी पातळ झाली तर जंताचं औषध कधी दिलं होतं ते पाहा. तीन महिन्यांपर्यंत ते दर पंधरा दिवसांनी लागतं. आणि पातळ शीबरोबर उलटी, सुस्ती किंवा रक्त दिसलं तर दही-भात घालून वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.