आमच्या गावची लसीकरण सेवा: टोचणाऱ्यांना पाच तारे, खरेदी करणाऱ्यांना एक

पुण्यापासून सत्तर किलोमीटरवर, तालुक्याच्या गावात माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करणं ही रोजची कामं. २०२१ च्या मार्चपासून सप्टेंबरपर्यंत मात्र दुकानात मुख्य काम एकच होतं, कोरोना लसीची नोंदणी. मी ३१४ जणांची नोंदणी केली. कोणाचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, पहिला डोस कधी, दुसरा कधी, हे सगळं एका दोनशे पानी वहीत आहे. ती वही समोर ठेवूनच हे लिहितोय, कारण हॉटेलच्या मिसळीवर आपण पानभर मत लिहितो आणि जिच्यावर घरच्यांचा जीव अवलंबून होता त्या सेवेवर कुणी चार ओळी लिहीत नाही.

आधी गावातल्या लसीकरण केंद्राबद्दल. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. पहिलीत बसायचं, दुसरीत टोचून घ्यायचं, मग व्हरांड्यात अर्धा तास थांबायचं. सिस्टर सकाळी आठला हजर. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे म्हणून बर्फाच्या पिशव्या लावलेला निळा कॅरिअर टेबलाखाली सावलीत, आणि त्याचं झाकण उगाच कुणी उघडायचं नाही. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस, तेव्हाच्या कोव्हॅक्सिनच्या कुपीत वीस. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. म्हणून सिस्टर माणसं मोजूनच कुपी उघडायच्या. नऊजण असले तर आशाताई गाडी काढून वस्तीवर जायच्या आणि दहावा माणूस घेऊन यायच्या. एकदा तो दहावा माणूस शेतात पाणी धरत होता, तसाच चिखलाच्या पायांनी आला. सिस्टरनी त्याला खुर्ची दिली, दंड स्वतः पुसला, आणि ताप आला तर कोणती गोळी घ्यायची ते दोनदा सांगितलं. या लोकांना पाच तारे देतोय ते मनापासून.

हे एवढ्या तपशिलात सांगायचं कारण म्हणजे एप्रिलमध्ये सुरू झालेलं भांडण. ७ एप्रिलला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की महाराष्ट्राकडे १४ लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील, आठवड्याला ४० लाख द्या. त्याच दिवशी केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी मोठं निवेदन काढून राज्यावर अपयश झाकत असल्याचा आरोप केला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकरांनी महाराष्ट्राने पाच लाख डोस वाया घालवल्याचं म्हटलं. माझ्या दुकानासमोर चहाची टपरी आहे. तिथं दोन पक्षांचे दोन तरुण कार्यकर्ते रोज सकाळी मोबाइल पुढे करून भांडायचे. एक म्हणे दिल्ली मुद्दाम अडवते. दुसरा म्हणे मुंबईला मिळालेलं वापरता येत नाही. दोघंही चांगली पोरं आहेत, दुसऱ्या लाटेत रात्री-अपरात्री ऑक्सिजनचा बेड शोधायला दोघंही माझ्याबरोबर फोनवर असायचे. दोघांच्या आया माझ्या वहीत होत्या आणि एकाच दिवशी एकाच रांगेतून लस न घेता घरी गेल्या.

वाया घालवण्याचा आरोप मला फार लागला. मोहिमेच्या सुरुवातीला, लोक घाबरत होते तेव्हा, कुठं कुपी अर्धी राहिली असेल, ते मी नाकारत नाही. पण एप्रिलनंतर आमच्याकडे एक थेंबही सुटत नव्हता. कंपनी कुपीत थोडी जास्तीची लस भरते. हात सराईत असला तर त्याच कुपीतून अकरावा डोस निघतो. केरळला ७३,३८,८०६ डोस मिळाले आणि तिथल्या परिचारिकांनी ७४,२६,१६४ दिले, ही मे महिन्यातली बातमी मी सिस्टरना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आम्हीही काढतो की. फक्त आमचं कुणी मोजत नाही."

आता माझ्या आईची गोष्ट. वय ७४, साखरेचा त्रास. पहिला डोस १६ मार्चला झाला. कार्डावर दुसऱ्याची तारीख १३ एप्रिल. २२ मार्चला केंद्राने कोविशिल्डचं अंतर सहा ते आठ आठवडे केलं, म्हणजे २७ एप्रिल ते ११ मे. त्या पंधरा दिवसांत मी आईला तीनदा गाडीवर मागे बसवून घेऊन गेलो. तीनदा "लस संपली" असा कागद दाराला चिकटवलेला. ११ मे उलटली आणि १३ मेला नवा आदेश आला, आता बारा ते सोळा आठवड्यांनी घ्या. आई जेवता जेवता म्हणाली, "लस नाही म्हणून तारीख पुढं ढकलली का रे?" मी तिला सांगितलं की इंग्लंडमधल्या अनुभवावरून तज्ज्ञांच्या गटाने ही शिफारस केली आहे, जास्त अंतराने लस चांगली काम करते. ते खरंही होतं. पण तीनदा उन्हात परत आलेल्या म्हातारीला ते कसं पटावं? ज्या आठवड्यात माल नाही त्याच आठवड्यात तारीख बदलली तर माणूस दोन्ही गोष्टी जोडणारच. विज्ञान बरोबर असूनही विश्वास गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

नोंदणीच्या पोर्टलबद्दल थोडक्यात. २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता १८ वर्षांवरच्यांची नोंदणी उघडली आणि ओटीपी यायचंच थांबलं. जूनपर्यंत ते मराठीत नव्हतं. आमच्याकडच्या निम्म्या बायकांचा ओटीपी पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर यायचा. मुलगा कंपनीत, फोन लॉकरमध्ये, आणि आकडा येऊन तीन मिनिटांत मुदत संपलेली. पण खरा घोळ स्लॉटचा. १८ ते ४४ ला आधी ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय लस नव्हती, आणि पोर्टलवर जिल्हा टाकला की अख्ख्या जिल्ह्यातली केंद्रं दिसायची. आमच्या शाळेतले शंभर स्लॉट संध्याकाळी उघडले की शहरातली चपळ मुलं मिनिटभरात घ्यायची. सकाळी शाळेच्या मैदानात पुण्याच्या गाड्या उभ्या आणि गावातली पोरं कुंपणाबाहेर. एकदा हाणामारीपर्यंत गेलं. शहरातून आलेल्या मुलांवर माझा राग नाही. त्यांच्या भागात लस असती तर ती सत्तर किलोमीटर आली नसती. २४ मेनंतर सरकारी केंद्रावर जागेवर नोंदणीची सोय झाली, ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

मला जे सांगायचंय ते खरेदीबद्दल. मी लहान दुकानदार आहे, माल आगाऊ सांगितल्याशिवाय येत नाही हे मला कळतं. अमेरिकेने फायझर आणि मॉडर्नाचे डोस २०२० च्या उन्हाळ्यातच सांगून ठेवले होते, लस अजून चाचणीत होती तेव्हा. आपल्याकडे दोन लसींना ३ जानेवारी २०२१ ला परवानगी मिळाली आणि पहिली मागणी गेली त्यानंतर, ११ जानेवारीच्या सुमारास, कोविशिल्ड बनवणाऱ्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे १ कोटी १० लाख डोसची. १२ जानेवारीला पहाटे मांजरी गावातल्या सीरमच्या कारखान्यातून लसीचे ट्रक निघाले ते मी टीव्हीवर पाहिले. नारळ फोडला होता. जगातला एवढा मोठा लसीचा कारखाना आमच्या जिल्ह्यात, माझ्या दुकानापासून दोन तासांवर, आणि माझी आई दारावरचा कागद वाचून परत येते.

त्यात १९ एप्रिलचा निर्णय. १ मेपासून उत्पादनातला अर्धा माल केंद्राने घ्यायचा, उरलेला राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी कंपन्यांकडून आपापला विकत घ्यायचा. केंद्राला डोस १५० रुपयांना. कोविशिल्ड राज्याला ४०० जाहीर झाली, ओरड झाल्यावर ३००, खासगीला ६००. कोव्हॅक्सिन राज्याला ६०० ची ४०० झाली, खासगीला १,२००. एकाच कुपीचे तीन भाव. घाऊक बाजारात भाव कोण पाडतो? एकरकमी सगळा माल उचलणारा. इथं देशाने आपली ताकद स्वतः वाटून टाकली आणि राज्यांना एकमेकांसमोर गिऱ्हाईक म्हणून उभं केलं. मुंबई महापालिकेने १२ मेला एक कोटी डोसची जागतिक निविदा काढली, त्यातून एक डोस आला नाही. परदेशी कंपन्या देशाच्या सरकारशी बोलत होत्या, शहराशी कशाला बोलतील? सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ ला पैसे मोजायला लावणारं धोरण सकृतदर्शनी मनमानी आणि अतार्किक म्हटलं, तेव्हा टपरीवर मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदललं, २१ जूनपासून ७५ टक्के लस पुन्हा केंद्र घेऊ लागलं आणि राज्यांना फुकट देऊ लागलं. हेच जानेवारीत ठरवायला काय हरकत होती, याचं उत्तर मला अजून हवंय.

राज्य सरकारलाही मी सोडणार नाही. २८ एप्रिलला १८ ते ४४ च्या सगळ्यांना मोफत लस जाहीर केली. बारा कोटी डोसचे पैसे एका चेकने द्यायची तयारी असल्याचं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे सांगत होते. पैशाची तयारी चांगलीच, पण कारखान्यात माल नाही हे माहीत असताना महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त धरून सुरुवात केली आणि बारा दिवसांत थांबवली. त्या वयोगटासाठी घेतलेली कोव्हॅक्सिन ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावी लागली. वळवली ते योग्यच केलं. पण माझ्या वहीत त्या बारा दिवसांत ९२ तरुणांची नावं आली आणि लस मिळाली सात जणांना. बाकीच्यांना निरोप मी दिला. मंत्री दिल्लीशी बोलत होते, दिल्ली मंत्र्यांशी बोलत होती, आणि "दादा, उद्या येऊ का?" हा प्रश्न माझ्या काउंटरवर.

या प्रश्नाला उत्तर शोधलं ते सिस्टरनी. ५ मेला साठ डोस आले होते आणि रांगेत अडीचशे माणसं. फाटक तुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातला फळा उचलून फाटकाशी आणला आणि सकाळी साडेआठला खडूने लिहिलं: "आज आलेले ६०. सर्व दुसऱ्या डोससाठी. पहिला डोस आज नाही. उद्याचं कळलेलं नाही, रात्री ८ ला सांगू." साठ टोकनं वाटली आणि बाकीच्यांना हात जोडून घरी जायला सांगितलं. लोक गेले. रात्री आठला त्या मला फोन करायच्या, मी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचो. कित्येकदा निरोप एवढाच असायचा, "उद्या लस नाही, येऊ नका." त्यानंतर एकदाही भांडण झालं नाही. लोकांना लस कमी आहे हे समजत होतं, फक्त खरा आकडा हवा होता. माझी दोन्ही सरकारांना हीच मागणी आहे. कुठल्या आठवड्यात किती येणार, हे आगाऊ आणि लेखी सांगा. वाद घाला, जरूर घाला, पण आकडा फळ्यावर असू द्या.

आईला दुसरा डोस २४ जूनला मिळाला. २१ जूननंतर सगळं सुरळीत झालं असं नाही, जुलैमध्ये पुन्हा फळ्यावर शून्य लिहावं लागलं. माल खऱ्या अर्थाने वाढला ऑगस्टच्या अखेरीस. सप्टेंबरमध्ये एक दिवस दुपारी फळ्यावर "शिल्लक ११०, चारपर्यंत या" असं दिसलं आणि मी दुकान बंद करून वाड्या-वस्त्यांवर फोन करत बसलो. त्या दोन तासांत ६३ जण आणले.

गावातल्या लसीकरण केंद्राकडून एवढीच अपेक्षा की व्हरांड्याला पत्र्याचं छप्पर घालावं, थांबणाऱ्यांना ऊन फार लागतं. फळा मात्र अजून फाटकाशीच आहे. आता त्यावर बाळांच्या लसीचा वार आणि आलेले डोस लिहिलेले असतात. मागच्या बुधवारी पुतण्याच्या मुलीला घेऊन गेलो. पेंटापुढे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीपुढे, २० लिहिलं होतं, आणि रांगेत आमचा नंबर चौदावा होता.