डायमेन्शन टूल सुधारलं, राउंडिंग मात्र जैसे थे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरांचे प्लॅन काढायचं हे सॉफ्टवेअर मी गेले काही महिने रोज वापरतोय. थ्रीडी, रेंडर, फर्निचरची लायब्ररी यांवर ढिगाने लिहिलं गेलंय, म्हणून इथे फक्त डायमेन्शनबद्दल, म्हणजे प्लॅनवर रेषेसोबत लिहिलेल्या मापांबद्दल. साइटवरचा माणूस रेंडर बघून भिंत उभी करत नाही, तो आकडा वाचतो. नव्या आवृत्तीत डायमेन्शनची टूल्स मुळापासून बदलली आहेत असं कळलं, आणि अपग्रेड घेतलं ते तेवढ्यासाठीच. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातलं दुसरं काही वापरत असाल तरी यातलं बरंचसं तुम्हाला ओळखीचं वाटेल.

जाहिरातीत सगळ्यात पुढे असतं ते ऑटो डायमेन्शनचं बटण. एक क्लिक, आणि घराच्या चारही बाजूंना मापांच्या तीन-तीन ओळी: आतली दारं-खिडक्यांची, मधली भिंतींच्या वळणांची, बाहेरची एकूण लांबीची. बाहेरच्या बाजूंचं हे काम चोख होतं. आतल्या खोल्यांवर तेच बटण चालवलं की मात्र नुसता गिचमिड गोंधळ. 1:100 स्केलला 100 मिमीची पार्टिशन कागदावर जेमतेम 1 मिमी भरते, आणि 2.5 मिमी उंचीचा ‘100’ हा आकडा पाच-सहा मिमी जागा खातो. तो बसणार कुठे? नव्या आवृत्तीत असा आकडा आपोआप बाहेर सरकतो आणि त्याला बारीकशी लीडर लाइन, म्हणजे आकडा कुठल्या मापाचा ते दाखवणारी रेघ, येते. एखादीच भिंत असेल तर छान दिसतं. बाथरूम, डक्ट आणि टॉयलेट ओळीने असले की तिन्ही आकडे एकाच दिशेला सरकतात आणि तिथे जाऊन पुन्हा एकमेकांवर चढतात. मी आता बटण बाहेरच्या बाजूंपुरतंच वापरतो, आतली मापं हाताने टाकतो. वेळ त्यातही वाचतो.

ज्याच्यासाठी पैसे मोजावेत अशी सुधारणा वेगळीच आहे, आणि ती जाहिरातीत तळाशी एका ओळीत उरकली आहे. माप भिंतीच्या नेमक्या कुठल्या थरापासून घ्यायचं, हे आता प्रत्येक डायमेन्शनच्या ओळीला वेगळं सांगता येतं: मध्यरेषा, वीट किंवा ब्लॉकचा गाभा, की टाइल लावून तयार झालेला पृष्ठभाग. आधी हे सेटिंग अख्ख्या फाइलला एकच होतं. त्यामुळे बांधकामाचा प्लॅन आणि इंटिरियरचा प्लॅन यांच्यासाठी दोन फाइली ठेवाव्या लागत, आणि दोन फाइली म्हटलं की एक जुनी राहणारच.

एक उदाहरण देतो. बाथरूममध्ये दोन भिंतींच्या मध्ये 1700 मिमीचा टब बसवायचाय. गाभ्यापासून गाभ्यापर्यंतचं माप 1710 दिसतं, म्हणजे वरवर बघता टब आरामात जाईल. आता प्रत्येक बाजूला 12 मिमी गिलावा आणि टाइल-चिकटवणी मिळून 15 मिमी धरा. दोन्ही बाजूंचे 54 मिमी गेले, उरले 1656. टब बसत नाही. आता मी अशा जागी दोन ओळी टाकतो: गवंड्यासाठी गाभ्याची, प्लंबर आणि टाइलवाल्यासाठी फिनिशची. दोन्ही वेगवेगळ्या लेयरवर, त्यामुळे ज्याच्या शीटवर जी हवी तीच दिसते. उद्या टाइलची जाडी बदलली तर भिंतीच्या प्रकारात एकदाच बदलायची, फिनिशचे सगळे आकडे आपसूक हलतात. या एका सोयीसाठी बाकीचं बरंच मी चालवून घेतो.

दारांचंही तसंच. मध्यापासून माप द्यायचं की ओपनिंगच्या कडांपासून, हे आता निवडता येतं. चौकटीच्या मापाऐवजी कच्चं ओपनिंग, म्हणजे चौकट बसण्याआधीची भिंतीतली मोकळी जागा, धरायचं असेल तर तोही पर्याय आहे, पण तो दाराच्या सेटिंगमध्ये लपवलाय, डायमेन्शनच्या नाही. का, कुणास ठाऊक.

आकड्यांची उंची कागदावरच्या मिलिमीटरमध्ये देता येते, हे आणखी एक बरं झालं. पूर्वी कागदावर 2.5 मिमी यावी म्हणून 1:50 च्या शीटसाठी अक्षरं 125 मिमी आणि 1:100 साठी 250 मिमी असा हिशोब स्वतः करून दोन संच ठेवावे लागत. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अॅनोटेटिव्ह, म्हणजे स्केलप्रमाणे आपोआप आकार बदलणारी, अक्षरं 2008 च्या आवृत्तीपासून आहेत, तेव्हा यात नवल काही नाही. उशिरा का होईना, आलं.

आकड्यावर क्लिक करून नवं माप लिहिलं की भिंत सरकते, हे बहुतेकांना माहीत असतं. प्रश्न असतो तो कुठली भिंत सरकते हा. खोली 3000 ची 3200 केली तर डावी भिंत मागे जाणार की उजवी? आता आकड्याच्या दोन्ही टोकांना छोट्या पिना दिसतात. ज्या टोकाची पिन रोवाल ते टोक जागचं हलत नाही. काम साधं, पण बाहेरच्या भिंतीला धक्का न लावता आतली पार्टिशन हलवायची असते तेव्हा याचं मोल कळतं.

आता तक्रारी. मापाच्या जागी हाताने भलताच आकडा टाइप करायला हे सॉफ्टवेअर अजूनही मुभा देतं. भिंत 2985 ची, पण वर 3000 लिहून मोकळं व्हायचं. रेव्हिट या इमारतींच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मापाच्या जागी दुसरा आकडा लिहू दिला जात नाही, हवी तर शब्दांत टीप लिहा. तीच शिस्त इथे हवी होती. असे बदललेले आकडे आता स्क्रीनवर केशरी दिसतात, एवढीच काय ती प्रगती. छापताना रंग जातो, आणि पीडीएफ बघणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसऱ्याची फाइल हातात आली की मी आधी केशरी आकडे शोधतो, मग बाकीचं.

दुसरी तक्रार राउंडिंगची, आणि ती मला जास्त खुपते. आकडे 5 मिमीच्या पटीत दाखवायचं सेटिंग ठेवलं आणि 1212 चे तीन भाग आले, तर प्रत्येक भाग 1210 दिसतो. बेरीज 3630. एकूण लांबी आहे 3636, ती दिसते 3635. तिन्ही आकडे जोडणाऱ्याला 5 मिमीचा फरक दिसतो आणि तो फोन करतो. गणित कुठेच चुकलेलं नाही, पण ड्रॉइंगवरचा भरवसा गेलाच ना. सॉफ्टवेअरने निदान ‘या ओळीची बेरीज जुळत नाही’ एवढं तरी सांगावं. तेही सांगत नाही. फूट-इंचात तर हे आणखी चिघळतं: 3000 मिमीची खोली एक अष्टमांश इंचाच्या पटीत 9 फूट 10 1/8 इंच दिसते, म्हणजे साधारण 3000.4 मिमी, आणि अशी पाच-सहा मापं ओळीने आली की शेवटच्या आकड्याशी ताळमेळ बसेलच असं नाही. यावर माझा उपाय एकच. भिंती काढतानाच ग्रिड 5 मिमीचा ठेवायचा, म्हणजे राउंड करण्याजोगं काही उरतच नाही. मात्र जुन्या घराची टेपने घेतलेली मापं असतील तर हा उपाय चालत नाही. तिथे राउंडिंग बंद करून 1 मिमीपर्यंत आकडे दाखवणंच बरं.

खिडकी डिलीट केली की तिचं माप तिथेच लोंबकळत राहतं, हेही सुधारायला हवं. खिडकी सरकवली तर माप मागोमाग जातं. खिडकीच गेली की मात्र रेषा हवेत उरतात आणि शेवटचा आकडा तसाच दाखवत बसतात.

डीएक्सएफ (दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरला ड्रॉइंग देण्याचा फाइल प्रकार) एक्सपोर्टबद्दल थोडक्यात: डायमेन्शन तिकडे डायमेन्शन म्हणून जात नाहीत, सुट्या रेषा आणि अक्षरं होऊन जातात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने कॉलम हलवला तर त्याच्या फाइलमधला आकडा बदलणार नाही. एक्सपोर्टच्या खिडकीत ‘असोसिएटिव्ह ठेवा’ (म्हणजे माप वस्तूला जोडलेलं ठेवा) असा चौकोन आहे, पण त्यावर टिक केल्याने फक्त बाहेरच्या तीन ओळी टिकतात, आतल्या सुटतातच.

फक्त इंटिरियरच्या मांडणीसाठी वापरणार असाल तर जुनी आवृत्तीही पुरते. बांधकामाची ड्रॉइंग इथूनच बाहेर काढत असाल तर थराच्या पर्यायासाठी आणि पिनांसाठी अपग्रेड घ्या. घेतल्यावर पहिल्याच दिवशी टेम्प्लेट फाइलमध्ये दोन डायमेन्शन स्टाइल करून ठेवा, एक गाभ्याची आणि एक फिनिशची, आणि दोघींच्या रेषांचे रंग वेगळे ठेवा. स्क्रीनवर दोन्ही लेयर एकदमच चालू असतात, तेव्हा तेवढ्या रंगानेच काम निभतं.