हेन्री हबचा वायदा: गॅस कंपनीच्या खतावणीत कसा उतरतो

घरोघरी गॅस पुरवणाऱ्या अमेरिकी कंपनीला हिवाळ्याचा भाव उन्हाळ्यातच बांधून ठेवायचा असेल, तर नायमेक्स या न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला हेन्री हब वायदा (पुढच्या महिन्यातल्या गॅसचा आज ठरलेल्या भावाचा करार) हे आजही सगळ्यात भरवशाचं साधन आहे. भाव उघड असतो, समोर गिऱ्हाईक कायम हजर असतं आणि जवळच्या महिन्यांचे सौदे हवे तेव्हा मोडता येतात. हिशेबात मात्र तो तेव्हाच सरळ बसतो, जेव्हा त्याचा नफा-तोटा कोणाच्या खात्यावर जाणार हे पहिला लॉट घेण्याआधीच ठरलेलं असतं. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी कंपन्यांची पुस्तकं लिहिणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

आधी माल काय आहे ते पाहू. हा वायदा एप्रिल १९९० मध्ये सुरू झाला. एक लॉट, म्हणजे सौद्याचा ठरलेला गठ्ठा, १०,००० एमएमबीटीयूचा (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, गॅसच्या उष्णतेचं माप). भाव एमएमबीटीयूमागे डॉलरमध्ये, एक हजारांश डॉलरच्या पायरीने हलतो, म्हणजे एका पायरीला लॉटमागे १० डॉलर. डिलिव्हरी लुइझियानातल्या इराथजवळच्या हेन्री हबवर, अनेक पाइपलाइनी एकत्र येतात तिथे. डिलिव्हरीच्या महिन्याच्या पहिल्या तारखेआधी कामाचे तीन दिवस उरले की व्यवहार बंद. जानेवारी २०२५ चा वायदा म्हणूनच २७ डिसेंबर २०२४ ला संपला. ही तारीख चुकली आणि सौदा उभा राहिला, तर कंपनीला लुइझियानात गॅस उचलावा लागतो, मग तिचं शहर तिथून हजार मैलांवर का असेना.

आता वहीकडे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत वितरण कंपनी गॅसच्या किमतीवर नफा घेत नाही. गॅस ज्या भावात पडला त्याच भावात ग्राहकाच्या बिलात उतरतो. या व्यवस्थेला पर्चेस्ड गॅस अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे पीजीए म्हणतात. कंपनीची कमाई पाइप, मीटर आणि सेवेच्या दरातून येते. त्यामुळे राज्याच्या दरनियामक आयोगाने मान्य केलेल्या हेजिंग, म्हणजे भावाचा धोका झाकण्याच्या, योजनेतल्या वायद्याचा नफा किंवा तोटा कंपनीच्या भागधारकांचा नसतो, तो बिल भरणाऱ्याचा असतो. पुढच्या सगळ्या नोंदी या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

एक सौदा पूर्ण लिहून पाहू. जुलैत कंपनीने जानेवारीचे ५० लॉट ४.०० डॉलरने घेतले. माल झाला ५ लाख एमएमबीटीयू, किंमत २० लाख डॉलर. घेतल्या दिवशी ताळेबंदात या २० लाखांची नोंद होत नाही, फक्त ब्रोकरकडे भरलेलं सुरुवातीचं मार्जिन, म्हणजे सौद्याची हमीरक्कम, ठेव म्हणून दिसतं. ३० सप्टेंबरला जानेवारीचा भाव ३.४० झाला. साठ सेंट गुणिले ५ लाख, म्हणजे ३ लाख डॉलरचा तोटा. अमेरिकी लेखामानक एएससी ८१५ म्हणतं की डेरिव्हेटिव्ह (वायद्यासारखा, दुसऱ्या मालाच्या भावावर किंमत ठरणारा करार) वाजवी भावाने ताळेबंदात आलंच पाहिजे. एएससी ९८० म्हणतं की नियामकाच्या दरातून परत मिळण्याची दाट शक्यता असलेला खर्च येणे म्हणून धरता येतो. दोन्ही जोडली की नोंद अशी होते: खाते १८२.३ इतर रेग्युलेटरी अ‍ॅसेट (ग्राहकांच्या दरातून येणे) ३ लाखांनी नावे, २४४ डेरिव्हेटिव्ह देणे ३ लाखांनी जमा. भाव वर गेला असता तर १७५ डेरिव्हेटिव्ह येणे नावे आणि २५४ रेग्युलेटरी देणे जमा. नफा-तोटा पत्रकाला दोन्ही वेळा हात लागत नाही. हे खातेक्रमांक फेडरल एनर्जी आयोगाच्या खातेयादीतले. डेरिव्हेटिव्हची वेगळी खाती तिच्यात २००२ मध्ये आली. वितरण कंपनीवर राज्याच्या आयोगाची सत्ता असली तरी खात्यांची मांडणी बऱ्याच ठिकाणी याच धर्तीची असते.

दरम्यान रोजच्या घसरणीचे ३ लाख ब्रोकरकडे रोख गेलेलेच असतात. ते ब्रोकरकडचं येणे म्हणून उभे राहतात आणि करार व धोरण परवानगी देत असेल तर डेरिव्हेटिव्ह देण्यासमोर वळते होतात. शेवटी ताळेबंदात उरतं ते इतकंच: रोख ३ लाखांनी कमी, रेग्युलेटरी अ‍ॅसेट ३ लाखांनी जास्त. नवख्या हाताकडून सर्वांत जास्त घडणारी चूक याच ठिकाणची: बँकेतून पैसे गेले म्हणून ते थेट गॅसच्या खर्चात टाकले जातात. मग जानेवारीचा तोटा सप्टेंबरच्या पीजीएत शिरतो आणि उन्हाळ्यात गॅस वापरणाऱ्याच्या बिलावर हिवाळ्याचा बोजा पडतो.

डिसेंबर अखेर सौदा ३.१० ला मोडला. एकूण तोटा साडेचार लाख. आता ताळेबंदातली नोंद उलटवायची आणि प्रत्यक्ष झालेला तोटा गॅसच्या खर्चात आणायचा. शहराच्या वेशीवर, म्हणजे सिटी गेटला, गॅस ३.४५ ने मिळाला. हेन्री हबपेक्षा ३५ सेंट जास्त. ५ लाख एमएमबीटीयूचे १७ लाख २५ हजार, अधिक तोट्याचे साडेचार लाख, मिळून २१ लाख ७५ हजार. भाव पडला ४.३५. जुलैत बांधलेले चार डॉलर आणि वर वाहतुकीच्या अंतराचे ३५ सेंट. ताळा जुळला! पीजीएचा दर ४.२० धरलेला असेल तर उरलेले १५ सेंट, म्हणजे ७५ हजार डॉलर, खाते १९१ मध्ये न वसूल झालेला गॅसखर्च म्हणून बसतात आणि पुढच्या दरफेरीत बिलावर येतात. तोच गॅस साठवणीत घातला असता तर तोटाही साठ्याच्या किमतीला, १६४.१ ला, चिकटला असता आणि गॅस बाहेर काढेपर्यंत तिथेच राहिला असता. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये भूगर्भात गॅस भरणाऱ्या कंपन्यांनी हा फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा.

मग हेज अकाउंटिंग, म्हणजे वायद्याचा नफा-तोटा झाकलेल्या मालाच्याच काळात पत्रकात आणायची लेखापद्धत, कशाला? पीजीएतल्या मालासाठी ते घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सौदा घेतल्या दिवशीच दस्तऐवज, परिणामकारकतेची तपासणी, इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून (नफ्याबाहेर दाखवल्या जाणाऱ्या उत्पन्नातून) फिरणारे आकडे, एवढा खटाटोप करून जे मिळतं ते रेग्युलेटरी नोंद आधीच देते. २०१७ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, अकार्यक्षम भाग वेगळा मोजणं गेलं, तरी या मालासाठी ते काम वाढवणारंच आहे. नियमनाबाहेर गॅस विकणाऱ्या उपकंपनीची गोष्ट वेगळी. तिला ग्राहकाच्या बिलाचा आधार नाही, तिने ते जरूर घ्यावं.

प्रत्यक्ष गॅसच्या ठरावीक भावाच्या करारांना नॉर्मल पर्चेस (नेहमीच्या वापरासाठीची खरेदी) ही सूट मिळते आणि मग वाजवी भाव काढायची गरज पडत नाही. ही सूट लेखी घ्यावी लागते. माल उचलायच्या ऐवजी फरक पैशात मिटवायची सवय लागली की ती हातची जाते. आणि जिथे करार म्हणतो ‘रोज १०,००० एमएमबीटीयूपर्यंत, खरेदीदार मागेल तेवढा’, तिथे थांबून वाचावं. प्रमाण ठरवायचा हक्क हा ऑप्शन आहे, आणि गॅसमध्ये त्याला ही सूट बसत नाही. वीजक्षमतेच्या करारांना मिळणारी खास सवलत गॅसवाल्यांनी स्वतःला लावून घेतल्याच्या चुका होतात.

वायद्याची खरी उणीव बेसिसमध्ये, म्हणजे हेन्री हब आणि तुमच्या ठिकाणच्या भावातल्या फरकात, आहे. तो हेन्री हबचा महिन्याचा भाव बांधतो, तुमच्या सिटी गेटचा त्या दिवसाचा भाव बांधत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या उरी हिमवादळात टेक्सास-ओक्लाहोमात विहिरी गोठल्या. ओक्लाहोमात एमएमबीटीयूमागे हजार डॉलरच्या वर व्यवहार झाले, खुद्द हेन्री हबचा हजर भाव १७ तारखेला २३.८६ डॉलरवर गेला, आणि मार्चचा वायदा मात्र तीन डॉलरच्या आसपासच होता. फेब्रुवारीचा वायदा तर जानेवारी अखेरीसच संपलेला. अशा आठवड्यात कामी येतो तो साठवलेला गॅस आणि महिन्याच्या सुरुवातीच्या निर्देशांकावर घेतलेला पक्का पुरवठा. म्हणून वायद्याने झाकायचा माल तेवढाच ठेवावा, जेवढा बिडवीकमध्ये, म्हणजे महिनाअखेरच्या पाच कामाच्या दिवसांत, पुढच्या महिन्यासाठी ठरतो. या भावफरकासाठी बेसिस स्वॅप (फरक पैशात मिटवणारे करार) मिळतात. वायदा वाजवी भावाच्या उतरंडीत (भाव बाजारात किती थेट दिसतो त्याच्या पातळ्यांत) पहिल्या पातळीवर बसतो, बेसिस स्वॅप साधारण दुसऱ्या, आणि दूरच्या महिन्यांचे, कमी उलाढालीचे तिसऱ्या.

रोखीचा ताण हा दुसरा दोष. ५०० लॉट हातात असतील तर भाव दहा सेंट पडला की त्याच दिवशी ५ लाख डॉलर काढून द्यावे लागतात. तोटा ग्राहकाच्या बिलातून येणार हे खरं, पण तो येतो महिन्यांनंतर. बँकेची पतमर्यादा आधी मंजूर नसेल तर भल्याभल्या योजना याच पायरीवर मोडतात.

आणि आयोग. जुलै २००८ मध्ये भाव १३ डॉलरच्या वर होता, सप्टेंबर २००९ मध्ये ३ डॉलरच्या खाली. वर बांधलेले सौदे खाली मिटले की ग्राहकाच्या बाजूने प्रश्न येणारच. लेखी योजना मंजूर असेल, खरेदी ठरल्या वेळापत्रकाने, थोडी थोडी झाली असेल, तर तोटा वसूल होतो. कोणाच्या अंदाजावर एकरकमी घेतली असेल आणि आयोगाने ती नाकारली, तर रेग्युलेटरी अ‍ॅसेट त्याच तिमाहीत पुसून नफ्यातून वजा करावा लागतो.

एककांचंही जपा. वायदा एमएमबीटीयूत, पाइपलाइनचं बिल डेकाथर्ममध्ये, ग्राहकाचं थर्म किंवा घनफुटांत. डेकाथर्म आणि एमएमबीटीयू एकच, थर्म त्याचा दहावा भाग, पण घनफूट उष्मांकाप्रमाणे बदलतं.

आपल्याकडे हेच गणित जसंच्या तसं उचलता येत नाही. अमेरिकेतल्या सेबाइन पास टर्मिनलचा दीर्घकालीन करारातला पहिला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) मार्च २०१८ मध्ये दाभोळला उतरला, त्याचा भाव हेन्री हबशी बांधलेला, त्यामुळे धोका तोच आहे. पण शहरी गॅस कंपनीचा विक्रीदर नियामक ठरवत नाही, म्हणून रेग्युलेटरी अ‍ॅसेटची वाट बंद. भारतीय लेखामानक इंड एएस १०९ खाली हेज अकाउंटिंग घ्या, नाहीतर तोटा थेट नफा-तोटा पत्रकात. एमसीएक्स या भारतीय वायदेबाजारातला नैसर्गिक वायूचा सौदा १,२५० एमएमबीटीयूचा, मिनी २५० चा, आणि मिटतो नायमेक्सच्या भावावर, रुपयांत. म्हणजे डॉलरचा दरही त्याच सौद्यात येतो. डॉलरचा धोका आधीच वेगळ्या फॉरवर्डने (पुढच्या तारखेचा डॉलरदर आज ठरवणाऱ्या कराराने) झाकलेला असेल तर तो दोनदा झाकला जातो, हे खतावणीत वेळीच पकडावं.