बाओफेंग यूव्ही-५आर: मेनूने सुटणाऱ्या आणि न सुटणाऱ्या तक्रारी

यूव्ही-५आर हा बाओफेंग या चिनी कंपनीचा हातात धरायचा दुतर्फी रेडिओ २०१२ साली बाजारात आला. तेव्हापासून परवाना हातात पडलेल्या कितीतरी नव्या हॅमचा (हौशी रेडिओचालकाचा) पहिला हँडसेट हाच असतो. त्याच्याबद्दलची मतं मात्र दोन टोकांची. कुणाच्या लेखी ते खेळणं आहे, तर कुणी म्हणतं एवढ्याशा डबीकडून आणखी काय हवं? तक्रारी नीट ऐकल्या तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी बहुतेक चुकीच्या सेटिंगच्या असतात आणि पाच मिनिटांत मिटतात. महिनाभराने सुरू होणाऱ्या तक्रारी चिपच्या आणि अँटेनाच्या असतात. त्यांना मेनूत औषध नाही.

कागदावरची माहिती थोडक्यात अशी. १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ (काही आवृत्त्यांत ४८०पर्यंतच), १२८ चॅनेल, ४ वॉट आणि १ वॉट अशा दोन पॉवर, ७.४ व्होल्ट १८०० एमएएचची बॅटरी, ६५ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम रेडिओ आणि वर एक टॉर्च. प्रसारणाचा पल्ला हॅम बँडच्या (हॅमसाठी ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांच्या) कितीतरी बाहेर जातो. सेट बोलू देतो म्हणून परवानाही बोलू देतो असं नाही. आपल्या देशातली बँडची हद्द आधी पाहावी आणि मगच पीटीटीला (दाबून बोलायच्या बटणाला) हात लावावा.

पहिला घोळ रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल ऐकून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारं केंद्र, सेटमध्ये भरताना होतो. समजा रिपीटर १४५.७०० वर ऐकू येतो, त्याचं इनपुट (तो ऐकतो ती फ्रिक्वेन्सी) १४५.१०० आहे आणि तो उघडायला बोलण्यासोबत ८८.५ हर्ट्झचा टोन लागतो. व्हीएफओमध्ये (फ्रिक्वेन्सी थेट टाकायच्या मोडमध्ये) या आणि ए/बी बटणाने वरची ओळ निवडा, कारण कीपॅडवरून चॅनेल वरच्या ओळीतूनच साठवता येतो. मेनू ७ (टीडीआर, दोन्ही ओळी आळीपाळीने ऐकणं) बंद करा, मेनू २५ (एसएफटी-डी, बोलण्याची फ्रिक्वेन्सी आपोआप सरकवणं) बंद करा. ज्या क्रमांकावर साठवायचं तो मेनू २८ने आधी पुसून घ्या. मेनू १३ (टी-सीटीसीएस, पाठवायचा टोन) मध्ये ८८.५ ठेवा. आता १४५७०० टाका, मेनू २७ उघडा, क्रमांक निवडा, मेनू दाबा आणि बाहेर या. मग १४५१०० टाका आणि मेनू २७मध्ये तोच क्रमांक पुन्हा निवडून साठवा. रिकाम्या जागी पहिल्यांदा साठवलेली फ्रिक्वेन्सी ऐकण्याची होते, त्याच जागी दुसऱ्यांदा साठवलेली बोलण्याची. जुना चॅनेल पुसायचं राहिलं की सेट नव्या नोंदीला ‘दुसरी वेळ’ समजतो. मग ऐकायचं एकीकडे आणि बोलायचं भलतीकडेच, असा चॅनेल तयार होतो. ‘सेट खराब आहे’ म्हणून परत पाठवलेले कितीतरी नग या एका पायरीवर अडकलेले असतात.

मेनू ११ (आर-सीटीसीएस, ऐकताना लागणारा टोन) सुरुवातीला बंदच ठेवावा. उत्साहाच्या भरात दोन्हीकडे टोन लावला आणि रिपीटर परत टोन पाठवतच नसेल, तर स्क्वेल्च (नको तेव्हा स्पीकर बंद ठेवणारी झडप) उघडत नाही. सेट बहिरा झाल्यासारखा वाटतो. हिरवा दिवा लागतो पण आवाज नाही, असं दिसलं की आधी इथेच बघा.

‘माझा आवाज फार बारीक जातो’ ही तक्रार आली की मेनू ५ (डब्ल्यूएन, सिग्नलची रुंदी) तपासावा. तिथे नॅरो असेल आणि रिपीटर वाइड असेल, तर डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती हलते ते) निम्म्यावर येतं आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातो. वाइड केलं की काम झालं. उरलेलं दुखणं सवयीचं असतं. तोंड माइकच्या छिद्रापासून चार-पाच सेंटीमीटरवर हवं. पीटीटी दाबून एक सेकंद थांबून मग बोलावं, नाहीतर कॉलसाइनचं (परवान्यावरच्या ओळखनावाचं) पहिलं अक्षर गिळलं जातं. समोरच्या सेटवर मेनू ३ची बॅटरी बचत चालू असेल तर त्यालाही जागं व्हायला क्षणभर लागतोच.

टीडीआरबद्दल जरा सविस्तर. जाहिरातीत ‘ड्युअल’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात रिसीव्हर एकच आहे आणि तो दोन ओळींमध्ये आळीपाळीने डोकावतो. एका ओळीवर संभाषण चालू असलं की दुसरीवरचं कानावर येत नाही. त्याहून वाईट म्हणजे खालच्या ओळीवर कुणी दोन शब्द बोललं आणि त्याच क्षणी तुम्ही पीटीटी दाबलं, तर उत्तर खालच्या ओळीवरून जातं. मेनू ३४ (टीडीआर-एबी) मध्ये कोणती ओळ धरायची ते सांगता येतं. तरी नव्या माणसाने टीडीआर बंद ठेवलेला बरा.

आणखी दोन बटणं त्रास देतात. चॅनेल मोडमध्ये # हलकं दाबलं की पॉवर बदलते आणि पडद्याच्या वरच्या कडेला ‘एल’ उमटतो. कालपर्यंत उघडणारा रिपीटर आज उघडत नाही याचं कारण बरेचदा हे एवढंसं अक्षर असतं. हेच बटण दाबून धरलं की कीपॅडला कुलूप लागतं, खिशात ठेवण्याआधी ते लावावं. दुसरं म्हणजे बाजूचं नारिंगी बटण. हलकं दाबलं तर एफएम, दाबून धरलं तर सायरन. मेनू ३२ ‘टोन’ किंवा ‘कोड’वर असेल तर तो अलार्म हवेतही जातो आणि सगळा रिपीटर तुमच्याकडे वळतो. ‘साइट’ निवडलं की आवाज फक्त सेटमधून येतो. मेनू ४०ने पूर्ण रीसेट केल्यावर सेट अचानक चिनी बोलू लागला तर घाबरू नये. मेनू १४मध्ये इंग्रजी परत मिळते.

चार-पाचापेक्षा जास्त चॅनेल असतील तर कीपॅडशी झटापट करण्यात अर्थ नाही. चॅनेलला नाव द्यायचं असेल तर संगणक लागतोच. नाव सात अक्षरांपर्यंत बसतं आणि मेनू २१ ‘नेम’वर ठेवला की दिसतं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर म्हणजे चर्प. ते मोफत आहे आणि चांगलं आहे. रडवते ती सेट संगणकाला जोडणारी केबल. स्वस्त केबलीत प्रोलिफिक कंपनीच्या यूएसबी चिपची नक्कल असते आणि विंडोजवरचा नवा ड्रायव्हर ती ओळखून नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ दिसलं तर ड्रायव्हर मागे नेऊन ३.२.०.० ही जुनी आवृत्ती निवडावी. विंडोज पुढच्या अपडेटला पुन्हा नवा ड्रायव्हर बसवतं, मग सगळं पुन्हा. एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल घेतली की हा जाच कायमचा संपतो.

ड्रायव्हर ठीक आहे, तरी ‘रेडिओ उत्तर देत नाही’ असा संदेश येतो? मग प्लग पाहा. त्याच्या प्लॅस्टिकची कड सेटच्या बॉडीला अडते आणि तो शेवटचा मिलिमीटर आत जात नाही. टक् असा आवाज येईपर्यंत दाबावा लागतो. काही जण ब्लेडने कडेचं प्लॅस्टिक थोडं तासतात आणि तो उपाय चालतो. अर्धवट बसलेल्या प्लगने कधी पीटीटीच दाबला जातो. लाल दिवा लागून राहिला तर लगेच उपटून काढा. जोडणी झाली की पहिलं काम सेटमधली माहिती संगणकावर उतरवून घेणं. ती मूळ प्रत हात न लावता जपून ठेवा आणि बदल तिच्या नकलेत करा. मित्राच्या सेटची फाइल आपल्या सेटमध्ये जशीच्या तशी ढकलू नये, फर्मवेअर वेगळं असलं तर सेट वेड्यासारखा वागतो. फर्मवेअरची आवृत्ती ३ दाबून धरत सेट चालू केला की दिसते.

आता मेनूच्या पलीकडचं. सोबत येणारी अँटेना कामचलाऊ आहे. बदलण्याआधी सॉकेट नीट पाहा. या सेटवर एसएमए (छोटा पेचाचा कनेक्टर) मेल आहे, म्हणजे मधली पिन सेटच्या बाजूला. अँटेना एसएमए फीमेल हवी. यासू या दुसऱ्या कंपनीच्या हँडसेटवर नेमकं उलटं असतं, त्यामुळे मित्राची अँटेना मागून आणली तर बसत नाही. लोकांची नेहमीची निवड नागोया एनए-७७१, लांबी साधारण ३९ सेंटीमीटर. तिच्या नकला ढिगाने विकल्या जातात. काही नकला मूळ अँटेनापेक्षाही वाईट निघतात, तेव्हा विक्रेता बघून घ्यावी. छतावरच्या अँटेनाची जाड केबल थेट सेटच्या सॉकेटला लटकवू नये. तिच्या वजनाने सॉकेटचा आतला टाका सुटतो. मध्ये आरजी-३१६ या बारीक केबलचा हातभर तुकडा घालावा.

अँटेनाच्या आधी एक फुकटचा उपाय करून पाहावा. साधारण ४९ सेंटीमीटर लांबीची मऊ वायर घ्या. एक टोक अँटेनाच्या मुळाशी सॉकेटच्या बाहेरच्या धातूला गुंडाळा, मधल्या पिनला लागू देऊ नका, आणि बाकीची खाली सोडा. १४५ मेगाहर्ट्झची ही पाव लांबी. हँडसेटमध्ये अँटेनाचा दुसरा अर्धा भाग तुमचा हात असतो आणि तो भरवशाचा नाही. ही शेपूट त्याची जागा घेते. दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) फरक स्पष्ट कळतो. सत्तर सेंटीमीटर बँडवर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) अपेक्षा ठेवू नये.

याउलट ४ वॉटच्या जागी ८ वॉटचा भाऊ, बीएफ-एफ८एचपी, घेतल्याने पल्ला दुप्पट होत नाही. दुप्पट पॉवर म्हणजे ३ डेसिबल, सिग्नल मीटरवर जेमतेम अर्धी खूण. या फ्रिक्वेन्सीवर पल्ला ठरवते उंची. किलोमीटरमधलं रेडिओ क्षितिज म्हणजे मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२. दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटला सुमारे ५ किलोमीटर, १०० मीटरच्या टेकडीवर उभं राहिलं तर ४१. टेकडी चढणं स्वस्त पडतं, आणि बॅटरीही वाचते.

छतावर मोठी अँटेना लावली आणि सेट उलट बहिरा झाला, ही महिन्यानंतरची ठरलेली तक्रार. यूव्ही-५आरचा जवळजवळ सगळा रिसीव्हर आरडीए१८४६ या एका चिपमध्ये आहे आणि तिच्यापुढचं गाळण ढिलं आहे. जवळचं एफएम केंद्र किंवा मोबाइल टॉवरजवळचा दुसरा ट्रान्समीटर मोठ्या अँटेनातून आत घुसला की नाजूक सिग्नल त्याखाली दबतो. ओळखायची खूण सोपी आहे. छतावरच्या अँटेनावर न ऐकू येणारं स्टेशन रबरी अँटेनावर ऐकू आलं, तर दोष संवेदनेचा नाही, गाळणीचा आहे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर किंवा दोन मीटरचा बँडपास (तेवढाच बँड आत सोडणारा फिल्टर) मध्ये घातला की बरंच सुधारतं, पण मग तो हँडसेट राहत नाही. इथे यासू एफटी-६०आरसारखा सुपरहेटरोडाइन (सिग्नल टप्प्याटप्प्याने गाळणाऱ्या) रिसीव्हरचा सेट सरळ पुढे जातो. त्याची हजार चॅनेलांची जागा हा वरचा नफा. सिग्नल मीटरबद्दल तर बोलायलाच नको. यूव्ही-५आरचा मीटर एकतर पूर्ण भरतो नाहीतर रिकामा असतो.

प्रसारणातलं दुखणं हार्मॉनिकचं (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत निघणाऱ्या नको त्या सिग्नलचं) आहे आणि ते नगागणिक बदलतं, म्हणून कुणा एकाच्या मोजमापावर मत बनवू नये. अमेरिकेच्या नियमात २५ वॉटपर्यंतच्या अशा सेटचं नको ते उत्सर्जन मुख्य सिग्नलपेक्षा किमान ४० डेसिबल खाली आणि २५ मायक्रोवॉटच्या आत हवं. ४ वॉटच्या सेटला याचा अर्थ ५२ डेसिबल खाली. १४६ मेगाहर्ट्झवर बोलताना तिसरं हार्मॉनिक ४३८वर पडतं, म्हणजे अँटेना जिथे उत्तम चालते नेमकं तिथेच. टायनीएसएवर (सिग्नलचे घटक मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर) मोजायचं असेल तर सिग्नल दाबणारा ४० डेसिबलचा अॅटेन्युएटर मध्ये हवाच. ४ वॉट म्हणजे ३६ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) आणि त्या यंत्राची सहनशक्ती १० डीबीएमपर्यंत. सेटला लागून असलेला पहिला अॅटेन्युएटर ५ वॉटपेक्षा जास्त पेलणारा घ्यावा, नाहीतर तो आधी जळेल आणि पाठोपाठ टायनीएसए. नग वाईट निघाला तर कमी पॉवरवर पुन्हा मोजा. रिपीटर जवळ असेल तर १ वॉट पुरतो.

बॅटरीबद्दल फारशी कुरकुर ऐकू येत नाही. प्रसारणात साधारण दीड अँपिअर जातो, म्हणजे ११ वॉट आत आणि ४ बाहेर. बाकीची उष्णता होते. लांबलचक बोलताना सेट तापतो तो त्यामुळे. मेनू ९ची वेळमर्यादा ६० सेकंदांवर ठेवली की सेटही वाचतो आणि ऐकणारेही. चार्जरचा स्टँड १० व्होल्टचा अॅडॉप्टर मागतो. ५ व्होल्टची साधी यूएसबी वायर चालणार नाही, व्होल्टेज वाढवणारी खास केबल लागते. लाल दिवा हिरवा होतच नसेल तर आधी स्टँडच्या पितळी पट्ट्या स्पिरिटने पुसून बघा. पावसात मात्र हा सेट उघडा नेऊ नये.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा रिपीटर हा या सेटचा आवडता उद्योग. अपलिंक (वर बोलायची फ्रिक्वेन्सी) १४५.९९०, टोन ६७.०, डाउनलिंक (खाली ऐकायची) ४३७.८००. स्थानकाच्या वेगाने ऐकू येणारी फ्रिक्वेन्सी सरकते, या डॉप्लर परिणामामुळे ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९० असे पाच चॅनेल या क्रमाने भरावेत, प्रत्येकाचं अपलिंक १४५.९९०च. स्थानक क्षितिजावर येताना पहिल्यापासून सुरुवात करून एकेक खाली यावं. सेट बोलताना ऐकू शकत नाही, त्यामुळे आपला आवाज वर पोचला का हे कळायला कानाशी दुसरा रिसीव्हर लागतो.

वापरलेला नग घेताना डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर शोषणारा भाग) आणि पॉवर मीटर सोबत न्यावा. दोन्ही बँडवर पॉवर पाहावी, पीटीटी वीसेक वेळा दाबून अडकतं का ते तपासावं, सॉकेट बोटाने हलकं हलवून पाहावं. ते डुगडुगत असेल तर सौदा सोडून द्यावा.